कॉम्प्युटर रोज वापरणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची साधी उत्तरं

नात्यातल्या, शेजारच्या, ओळखीच्या कुणाचाही कॉम्प्युटर अडला की फोन मला येतो, आणि हे इतकी वर्षं चाललंय की आता समोरच्याने "अगं ऐक ना" म्हटलं की पुढचा प्रश्न काय असणार ते मला साधारण कळतं. कारण प्रश्न तेच ते असतात. म्हणून एकदा सगळे नीट लिहून काढतेय. उत्तरं बहुतेक विंडोज १० आणि ११ ची आहेत, मॅक वापरत असाल तर जिथे कंट्रोल लिहिलंय तिथे बहुतेक वेळा कमांड दाबा. सगळं सलग वाचायची गरज नाही, तुमचा प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

चुकून भलतंच बटण दाबलं तर कॉम्प्युटर बिघडेल का?

नाही बिघडणार. हा प्रश्न मुद्दाम सगळ्यात वर ठेवलाय कारण बाकीच्या निम्म्या अडचणी या भीतीतूनच येतात. माणूस घाबरतो, मग काहीच करून बघत नाही, मग शिकतही नाही.

माझी आत्या तिच्या आठवणी टाईप करत होती, चाळीसेक पानं झाली होती. एक दिवस फोन आला, आवाज पार रडवेला, "अगं सगळं गेलं, नुसता एक 'क' उरलाय स्क्रीनवर." झालं होतं असं की कंट्रोल ए दाबला गेला, त्याने सगळा मजकूर सिलेक्ट झाला, आणि त्यावर तिने पुढचं अक्षर टाईप केलं, म्हणजे चाळीस पानांच्या जागी एक क. मी म्हटलं आत्या, फाइल बंद केलीस का? म्हणाली नाही, हात पण नाही लावला, तशीच बसलेय. म्हटलं मग कंट्रोल दाबून धर आणि झेड दाब. दोनदा दाबल्यावर सगळी पानं जशीच्या तशी परत आली. तिने घाबरून फाइल सेव्ह करून बंद केली असती तर मात्र ती पानं परत मिळवणं अवघड झालं असतं.

म्हणजे लक्षात ठेवायचं ते हेच की कॉम्प्युटरवरच्या जवळजवळ सगळ्या चुका मागे घेता येतात, न घेता येणाऱ्या थोड्याच आहेत. शिफ्ट दाबून डिलीट करणं, ड्राइव्ह फॉरमॅट करणं, जुन्या चांगल्या फाइलवर नवीन फाइल सेव्ह करणं, आणि आपला पासवर्ड किंवा ओटीपी कुणाला सांगणं. या चार ठिकाणी हात थांबवा, दोनदा वाचा. बाकी ठिकाणी बिनधास्त दाबून बघा.

कोणते शॉर्टकट पाठ करायलाच हवेत?

यादी पाठ करू नका, राहत नाही. रोज ज्याने काम अडतं तेवढे घ्या. माझ्या मते कंट्रोल झेड पहिला, म्हणजे केलेलं मागे घेणं, आणि हा फक्त वर्डमध्ये नाही चालत बरं का, फोल्डरमध्ये चुकून फाइल दुसरीकडे सरकली, नाव बदललं, तरी तिथेच लगेच कंट्रोल झेड दाबा, परत येते. जास्तच मागे गेलात तर कंट्रोल वाय. मग कंट्रोल एस, सेव्ह, हा तर बोटांना सवयच लागली पाहिजे. कंट्रोल एफ, म्हणजे मोठ्या पानात किंवा पीडीएफमध्ये एखादा शब्द शोधणं, हा इतका उपयोगाचा आहे आणि तरी कितीतरी लोक शंभर पानं डोळ्यांनी चाळत बसतात.

ऑल्ट टॅबने एका खिडकीतून दुसरीत जा, विंडोज (म्हणजे कीबोर्डवरचं खिडकीच्या चिन्हाचं बटण) आणि डी दाबलं की डेस्कटॉप दिसतो, विंडोज आणि एल दाबलं की स्क्रीन लॉक होते, खुर्चीतून उठताना हे दाबायची सवय ठेवा.

कट कॉपी पेस्ट सगळ्यांना येतंच. हे आज इतकं साधं वाटतं पण ते कुणीतरी डोकं लावून सोपं केलेलं आहे, लॅरी टेसलर नावाच्या संशोधकाने १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क या प्रयोगशाळेत काम करताना. साध्या माणसाला मशीनची वेगळी भाषा शिकावी लागू नये हा त्यांचा आग्रह होता. २०२० साली ते गेले.

एक गोष्ट कॉपी केली, मग दुसरी केली, आता पहिली हवीय. मिळेल?

मिळेल, पण आधी सोय चालू करून ठेवलेली असली तर. कंट्रोल व्हीच्या ऐवजी विंडोज आणि व्ही दाबा. पहिल्या वेळी तो विचारेल चालू करू का, टर्न ऑन म्हणा. त्यानंतर तुम्ही कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी तिथे ओळीने दिसतात, हवी त्यावर क्लिक करा. रोज लागणारं काही असेल, पत्ता वगैरे, तर ते पिन करून ठेवा, कॉम्प्युटर रिस्टार्ट केला तरी राहतं. ही सोय विंडोज १० मध्ये २०१८ साली आली आणि अजून बऱ्याच जणांना माहीतच नाही. फक्त एक, पासवर्ड कॉपी केला तर तोही या यादीत दिसतो, कॉम्प्युटर चारचौघांत वापरला जात असेल तर तेवढा पुसून टाका.

ब्राउझरचा टॅब चुकून बंद झाला

कंट्रोल शिफ्ट टी. परत दाबला की त्याच्या आधीचा. अख्खी खिडकी बंद झाली असेल तर ब्राउझर पुन्हा उघडून हेच करा, बहुतेक वेळा सगळे टॅब परत येतात. इन्कॉग्निटोमधला, म्हणजे हिस्टरी न ठेवणाऱ्या खिडकीतला टॅब मात्र येत नाही.

कीबोर्ड किंवा स्क्रीनला अचानक काहीतरी झालंय, काही समजत नाहीये

या प्रकारचे फोन सगळ्यात जास्त येतात आणि दर वेळी माणसाला वाटतं की मशीन गेलं. बहुतेक वेळा एखादं बटण चुकून दाबलं गेलेलं असतं, इतकंच.

टाईप करताना पुढची अक्षरं खाल्ली जातायत? इन्सर्ट बटण दाबलं गेलंय, परत एकदा दाबा. लॅपटॉपवर उजव्या हाताची अक्षरं दाबली की आकडे येतायत? नम लॉक चालू झालाय. पासवर्ड बरोबर असून घेत नाही? आधी कॅप्स लॉकचा दिवा बघा, मग भाषा बघा, खाली उजवीकडे मराठी कीबोर्ड चालू असेल तर पासवर्ड चुकणारच. मध्येच खिडकी आली आणि स्टिकी कीज चालू करू का असं विचारतेय? तुम्ही शिफ्ट लागोपाठ ५ वेळा दाबलाय, नो म्हणा. आणि उजवा शिफ्ट ८ सेकंद दाबून धरला, म्हणजे बहुतेक हात त्यावर टेकला, की फिल्टर कीज येतं, तिथेही नोच म्हणायचं. यस म्हटलं तर पटकन मारलेली बटणं कीबोर्ड घेईनासा होतो आणि माणूस नवीन कीबोर्ड आणायला निघतो.

ब्राउझरमध्ये पानावरची अक्षरं एकदम मोठी किंवा बारीक झाली तर कंट्रोल दाबलेला असताना माऊसचं चाक फिरलंय, कंट्रोल आणि शून्य दाबा, मूळ आकार येतो. ब्राउझरच्या वरची पट्टीच गायब, बंद करायची फुली पण नाही, तर एफ ११ दाबा. स्क्रीन उलटी किंवा आडवी झाली तर डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, तिथे डिस्प्ले ओरिएंटेशनमध्ये लँडस्केप निवडा, माऊस उलटा चालतो तेव्हा जरा वैताग येतो पण जमतं.

हँग झाला तर काय करू?

आधी थांबा. खरंच थांबा, एखादा मिनिट. आपण घाईने दहादा क्लिक करतो आणि ती दहाही क्लिक तो रांगेत लावतो, मग अजून अडकतो. मिनिटभराने पण हलला नाही तर कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, जो प्रोग्राम अडकलाय त्याच्यासमोर बहुतेक नॉट रिस्पॉन्डिंग दिसेल, त्यावर क्लिक करून एंड टास्क. त्या प्रोग्राममधलं सेव्ह न केलेलं काम जाईल, पण बाकीचं वाचेल. टास्क मॅनेजरही येत नसेल तर कंट्रोल ऑल्ट डिलीट, आणि तेही नाही तर शेवटचा उपाय म्हणून पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा. पण स्क्रीनवर अपडेट चालू आहे, बंद करू नका असं आलेलं असेल तर तो हँग नाहीये, त्याला त्याचं काम करू द्या.

रोज रात्री शटडाऊन करतो तरी लोक "रिस्टार्ट करून बघ" का म्हणतात? एकच नाही का ते?

एकच नाही, आणि हे कळल्यावर मला स्वतःला फार आश्चर्य वाटलं होतं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. शटडाऊन केलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात पण विंडोजचा जो गाभा असतो तो पूर्ण बंद न होता डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, म्हणून मशीन पटकन सुरू होतं. पण त्यामुळे गाभ्यात काही गुंता झाला असेल तर तोही सकाळी तसाच परत येतो. रिस्टार्ट केलं की मात्र सगळं खरोखर बंद होऊन नव्याने सुरू होतं.

खात्री करायची तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा, खाली अप टाइम लिहिलेला असतो. मी एका काकांच्या मशीनवर बघितला तर कितीतरी दिवसांचा आकडा, आणि काका सांगतायत मी रोज बंद करतो म्हणून, आणि ते खरंच करत होते. रिस्टार्ट केल्यावर त्यांचा प्रिंटर पण चालू झाला आणि आवाज पण. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी रिस्टार्ट करा, आणि काहीही विचित्र वागायला लागला की पहिलं काम तेच. शटडाऊनच पूर्ण करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाऊनवर क्लिक करा.

फार स्लो झालाय. नवीन घ्यावा का?

थांबा, लगेच नको. आधी टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप ॲप्स बघा, तिथे कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रामची यादी असते, आपण एकदा कधीतरी टाकलेला प्रत्येक जण तिथे येऊन बसलेला असतो. जे रोज लागत नाहीत ते डिसेबल करा, प्रोग्राम उडत नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही. अँटिव्हायरसला हात लावू नका आणि जे ओळखू येत नाही ते राहू द्या.

मग ब्राउझर. चाळीस टॅब उघडे असतील तर ते मेमरी खाणारच. क्रोममध्ये शिफ्ट एस्केप दाबलं की कुठला टॅब किती मेमरी घेतोय ते दिसतं.

इतकं करूनही स्लोच असेल तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करून एचडीडी लिहिलंय की एसएसडी ते बघा. एचडीडी म्हणजे आत फिरणारी तबकडी. एसएसडीत काहीच फिरत नाही, सगळं चिपवर साठवतात, म्हणून ती खूप वेगवान. जुन्या मशीनमध्ये तबकडी काढून एसएसडी बसवली की जो फरक पडतो तो दुसऱ्या कशानेच पडत नाही, मी हे आग्रहाने सांगते. मेमरी ४ जीबी असेल तर तीही वाढवून घ्या. आणि ते फुकट स्पीड वाढवून देतो म्हणणारे क्लीनर प्रोग्राम टाकू नका, त्यातले बरेचसे स्वतःच ओझं असतात.

सी ड्राइव्ह लाल झालाय, जागा नाही म्हणतो

सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज. तिथे टेम्पररी फाइल्समध्ये जा, नको ते टिक करा आणि रिमूव्ह. पण टिक करताना डोळे उघडे ठेवा, त्या यादीत डाउनलोड्स पण असतं, आणि ज्यांची सगळी कागदपत्रं डाउनलोड्समध्येच पडलेली असतात, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांची, त्यांनी तिथे टिक केलं की गेलं सगळं, रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. रिसायकल बिन पण एकदा बघून रिकामी करा, तिच्यातल्या फाइल्स तीच जागा अडवून बसलेल्या असतात.

डिलीट झालेली फाइल परत मिळते का?

साधी डिलीट केली असेल तर रिसायकल बिनमध्ये असेल, राइट क्लिक करून रिस्टोर. पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल मात्र रिसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ जाते, हे माहीत नसल्याने फार लोक फसतात. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हवरची असेल तर वेबसाइटवर त्यांच्या कचरापेटीत बघा, तिथे ३० दिवस राहते.

कायमची डिलीट झालेली असेल तरी लगेच आशा सोडू नका. डिलीट म्हणजे ही जागा आता मोकळी आहे एवढी नोंद होते, मजकूर नवीन काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतो. म्हणून पहिलं काम म्हणजे त्या ड्राइव्हवर काहीही नवीन टाकायचं नाही, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर सुद्धा दुसऱ्या ड्राइव्हवर टाकायचं. पेन ड्राइव्ह आणि जुन्या हार्ड डिस्कवरून बरंच परत मिळतं. एसएसडी असेल तर अवघड, कारण ती रिकामी जागा आपणहून साफ करून टाकते.

सेव्ह न करता लाइट गेली / वर्ड बंद झालं

वर्ड परत उघडा, डावीकडे रिकव्हर केलेल्या फाइल्स दिसतात का बघा. नाही दिसल्या तर फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स. वर्ड दर १० मिनिटांनी आपली एक प्रत ठेवत असतं, ऑप्शन्समध्ये सेव्हखाली जाऊन ते २ मिनिटांवर आणा. आणि नवीन फाइल उघडल्या उघडल्या, एक ओळ लिहायच्या आधी, नाव देऊन सेव्ह करा.

डाउनलोड केलेली फाइल कुठे जाते?

ब्राउझरमध्ये कंट्रोल जे दाबा, यादी दिसेल, तिथून फोल्डर उघडता येतं. आणि फाइलला नाव देताना सुरुवातीला तारीख टाका, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे २०२५-०३-०९ लाइट बिल असं. यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. दिवस आधी लिहिला तर सगळे महिने एकमेकांत मिसळतात. नवीन, नवीन २, फायनल, फायनल खरं अशी नावं ठेवली की सहा महिन्यांनी आपल्यालाच कळत नाही.

६४ जीबीचा पेन ड्राइव्ह ५९ जीबीच दाखवतो, फसवलं का?

नाही. बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून ६४ चे ५९.६ होतात. सगळ्यांचे होतात.

याच पेन ड्राइव्हवर जागा असूनही मोठा व्हिडिओ जात नसेल तर तो बहुतेक फॅट ३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही. आतलं सगळं आधी दुसरीकडे काढून घ्या आणि मग एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

बॅकअप नक्की कसा घ्यायचा?

इथे मला जरा जास्त बोलायचंय. माझे दोन वर्षांचे फोटो मी लॅपटॉपवरून कट करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकले होते आणि मनात धरून चालले होते की बॅकअप झाला. डिस्क टेबलावरून पडली, आतून टक टक आवाज यायला लागला, आणि संपलं. बॅकअप झालाच नव्हता, फोटोंची फक्त जागा बदलली होती. एकच प्रत होती, आधी इथे, मग तिथे. त्यात माझ्या आजीचे शेवटचे फोटो होते.

म्हणून सांगते, बॅकअप म्हणजे दुसरी प्रत, मूळ जिथे आहे तिथे राहून. नियम ३-२-१ असा सांगतात: ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, आणि त्यातली १ घराबाहेर. साध्या माणसासाठी याचा अर्थ इतकाच की एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि एक क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जागेत. हार्ड डिस्क कॉपी झाली की काढून ठेवा, कायम लावून ठेवलेली असेल तर फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस आला की तो तिलाही गाठतो.

पण नुसतं क्लाउड सिंक, म्हणजे लॅपटॉपवरचं फोल्डर आणि क्लाउडवरचं फोल्डर आपोआप एकसारखं ठेवणं, म्हणजे बॅकअप असंही समजू नका, कारण इथे डिलीट केलं की तिथेही डिलीट होतं. आणि कधीतरी बॅकअपमधली एखादी फाइल उघडून बघा, उघडतेय ना, नाहीतर गरज पडते त्या दिवशी कळतं.

पासवर्ड कसा असावा?

लांब. बाकी सगळं नंतर. नुसती इंग्रजीची लहान अक्षरं घेतली तर ८ अक्षरी पासवर्डच्या शक्यता साधारण २० हजार ८८२ कोटी होतात, ऐकायला प्रचंड वाटतं पण चोरांच्या मशीनला ते फार नाही. १६ अक्षरी केला तर शक्यता दुप्पट होत नाहीत, तेवढ्याने गुणल्या जातात. तेव्हा एकमेकांशी काही संबंध नसलेले चार पाच शब्द जोडा, लक्षातही राहतात. ए च्या जागी ॲट द रेटचं चिन्ह टाकण्याची युक्ती चोरांना कधीचीच माहीत आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक ठिकाणी वेगळा. एका कुठल्यातरी बारक्या साइटवरून तुमचा पासवर्ड फुटला की तोच ईमेलवर लावून बघतात. इतके लक्षात कसे ठेवणार, तर पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवणारा प्रोग्राम, वापरा, आणि तेही नको असेल तर वहीत लिहून घरात कपाटात ठेवा, मी याला चूक मानत नाही, वही चोरायला कुणाला घरात यावं लागतं. दर महिन्याला बदलत बसायची गरज नाही, अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका असंच म्हटलंय, फुटल्याचा संशय आला की मात्र लगेच बदला. ईमेलला टू स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरून आणखी एकदा खात्री करणारी सोय, चालू कराच, कारण बाकी सगळ्याचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात.

"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं आलंय

फोन करू नका. ते नुसतं एक वेब पान आहे, जाहिरातीसारखं, मोठा आवाज करणारं. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलंय की त्यांच्या एररच्या मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. पान बंद होत नसेल तर आधी एफ ११ किंवा एस्केप, मग ऑल्ट एफ ४, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझरलाच एंड टास्क. परत उघडल्यावर जुनी पानं आणू का विचारलं तर नाही म्हणा.

फोन केलाच असेल आणि त्यांनी स्क्रीन बघायचं ॲप टाकायला लावलं असेल तर लाजू नका, इंटरनेट लगेच तोडा, दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून पासवर्ड बदला आणि बँकेला कळवा. चांगले शिकलेसवरलेले लोक यात फसतात, कारण हे चोर आधी घाबरवतात आणि मग घाई करायला लावतात.

कुलपाचं चिन्ह असेल तर साइट खरी ना?

नाही. कुलूप म्हणजे तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही, एवढंच. साइट चोराचीच असेल तर चोराशी सुरक्षितपणे बोलणं चाललंय. हा गैरसमज इतका पसरला की क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच बदलून टाकलं.

पत्ता वाचायचा असेल तर पहिल्या एकट्या स्लॅशपर्यंत जा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. माझीबँक डॉट लॉगिन डॉट भलतंच डॉट कॉम असा पत्ता असेल तर मालक माझीबँक नाही, भलतंच डॉट कॉम आहे. डावीकडे कुणीही काहीही लिहू शकतो. आणि बँकेचा पत्ता मेसेजमधल्या लिंकवरून कधी उघडू नका, स्वतः टाईप करा.

ईमेलमध्ये आलेली बिलाची पीडीएफ उघडू का?

ती खरंच पीडीएफ आहे का ते आधी बघा. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळे बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई अशी फाइल तुम्हाला नुसती बिल डॉट पीडीएफ दिसते, आणि ईएक्सई म्हणजे प्रोग्राम, क्लिक केलं की चालू. फोल्डरमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करा, आज करा, एकदाच करावं लागतं.

इन्कॉग्निटोमध्ये कुणालाच काही दिसत नाही ना?

त्याच कॉम्प्युटरवर नंतर बसणाऱ्याला हिस्टरी दिसत नाही. इंटरनेट देणाऱ्या कंपनीला, ऑफिसच्या नेटवर्कला आणि त्या साइटला दिसायचं ते दिसतंच. दुसऱ्याच्या मशीनवर ईमेल बघायचा असेल तर मात्र वापरा, काम झालं की खिडकी बंद, आणि डाउनलोड केलेली फाइल मागे राहते ती आठवणीने पुसा.

मराठी टाईप कसं करायचं? आणि जुनी मराठी फाइल उघडली की चौकोन किंवा इंग्रजी अक्षरं का दिसतात?

सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे मराठी भाषा ॲड करा. मग विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजी मराठी अदलाबदल होते. २०१९ पासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्डही आहे, इंग्रजीत लिहितो तसं लिहायचं, मराठी उमटतं. पण रोज बरंच लिहायचं असेल तर इनस्क्रिप्ट शिका, मनापासून सांगते. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं अशी मांडणी आहे, के वर क, शिफ्ट के वर ख, डी वर पाय मोडायचा, आठ पंधरा दिवस बोटं अडखळतात आणि मग डोळे मिटून लिहिता येतं. आणि सुऱ्या, दऱ्या यातला तो खास आपला अर्धा र शिफ्ट जे ने येतो, त्याला पाय मोडायचा आणि य द्यायचा.

जुन्या फाइलचं असं आहे की युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, त्याच्या आधीचे जे फॉन्ट होते त्यांत आतमध्ये अक्षरं इंग्रजीचीच असायची, वरून फक्त चेहरा देवनागरीचा. फॉन्ट नसला की चेहरा उतरतो. तो फॉन्ट टाकला की वाचता येईल, पण कायमचं नीट करायचं तर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग एकदा वाचून काढा, जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात.

विंडोज १० अजून वापरलं तर चालेल का?

चालू राहील, बंद पडणार नाही. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला, म्हणजे नवीन भोकं सापडली तर ती बुजवणारे अपडेट साध्या मार्गाने येत नाहीत. मशीन ११ घेत असेल तर बॅकअप घेऊन ११ टाका. घेत नसेल तर त्यावर निदान बँकेची कामं करू नका. नुसतं इंटरनेट आणि लिहिणंवाचणं असेल तर त्याच मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी दुसरी सिस्टीम टाकून बघा, जुनी मशीनं त्यावर छान चालतात.

कुणाला मदत मागायची तर नेमकं काय सांगू?

"चालत नाहीये" एवढंच सांगितलं तर समोरचा काही करू शकत नाही. स्क्रीनवर जो मेसेज आला तो बंद करायच्या आधी विंडोज शिफ्ट एस दाबा, हवा तेवढा चौकोन ओढा, आणि कंट्रोल व्हीने मेसेजमध्ये चिकटवून पाठवा. तेही जमत नसेल तर फोनने फोटो काढा, अक्षरं वाचता येतील असा. मग तीन गोष्टी लिहा: काय करायला गेलात, काय झालं, आणि कालपासून आजपर्यंत नवीन काय केलंत, एखादं अपडेट, नवीन प्रोग्राम, नवीन वायर, काहीही. बहुतेक वेळा उत्तर त्या तिसऱ्या गोष्टीत असतं. आणि फोन करायच्या आधी एकदा रिस्टार्ट केला असेल तर तेही सांगा.